पाच चढायांचा नियम

नाना, गुरुवारी तुमच्या दहाव्याला कावळा शिवायला फार वेळ लागला.

घाटावर पिंड ठेवून आम्ही सगळे मागे सरकून उभे होतो. कावळे चांगले सात-आठ होते, समोरच्या कंपाउंडवर ओळीनं बसलेले, पण एकही खाली येईना. तुमचा थोरला हात जोडून म्हणाला, "नाना, आईला काय कमी पडू देणार न्हाई." कावळे ढिम्म. धाकटा म्हणाला, "ताईचं बाळंतपण हितंच करू." तरी नाही. ऊन चढायला लागलं, फर्स्ट शिफ्टमधून तासाभराची सवलत घेऊन आलेली तुमची दोस्तमंडळी मोबाइलमध्ये वेळ बघायला लागली. शेवटी आपल्या लीगचे अध्यक्ष पुढे झाले. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "नाना, लीग बंद पडू देणार न्हाई." एका कावळ्यानं मान वाकडी केली, एवढंच. मग अध्यक्षांनी घसा खाकरला. "आन् तुमचा पाचाचा नियम हाय तसाच ठिवू. शब्द हाय आपला."

आणि तो मेला कावळा खाली उतरला की हो! भाताला चोच लावली आणि उडाला. लोकांनी डोळे पुसले, "बघा, लेकरांतच जीव अडकला व्हता" असं कुणीतरी म्हणालं. मी सगळ्यात मागे उभी होते आणि मला त्या कावळ्याला दगड मारावासा वाटत होता.

कमिटीचा ठराव बदलता येतो, नाना. आरडाओरडा करून, चार पालक जमवून मी तो बदलून घेतलाही असता. पण कावळ्यानं मंजूर केलेला नियम आता कोण बदलणार आहे?

घरी आले तर अध्यक्षांचा मेसेज. रविवारी तुमच्या स्मरणार्थ सामना ठेवलाय, फ्लेक्सवर छापायला दोन शब्द द्या. मी बसले लिहायला. 'मनमिळाऊ, शिस्तप्रिय, मुलींचे लाडके नाना' असं लिहिलं आणि खोडलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण मला तुमचं कौतुक करायचं नव्हतं, मला तुमच्याशी भांडायचं होतं. चार महिने आपण एकमेकांशी बोललो नाही. मी मनात धरून बसले होते की एकदा तुम्ही 'बाई, चुकलं' म्हणाल आणि मग मी काय काय बोलणार आहे. सगळं पाठ करून ठेवलं होतं. आणि तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून घरी आलात, बूट काढायला खाली बसलात आणि संपलात. माझं अर्धं भांडण माझ्याकडेच राहिलं. ही काय पद्धत झाली?

तुम्ही माणूस म्हणून वाईट असतात तर सोपं गेलं असतं.

मी शाळेत पीटीची शिक्षिका, राहायला संत तुकाराम नगरात. उमेदीची अकरा वर्षं कबड्डी खेळलेली. चाकणच्या अलीकडच्या एका गावात कंपनीतला कुणी कामगार दर रविवारी मुलींची कबड्डी घेतो, असं कुणाकडून तरी कळलं म्हणून मी स्कूटी काढून बघायला आले. कंपनीच्या भिंतीला लागून मोकळी जागा, तिथे तुम्ही सकाळी पाणी मारून ठेवलेलं. गळ्यात शिट्टीच्या दोरीला नेलकटर अडकवलेलं. सामना सुरू व्हायच्या आधी मुली रांगेत उभ्या आणि तुम्ही एकेकीचा हात हातात घेऊन नखं कापताय. कबड्डीत नखं वाढलेली चालत नाहीत हे सगळ्या पंचांना माहीत असतं. ते मुलींना सांगतात, कापून या. मुलींची नखं स्वतः कापणारा मी तुमच्याशिवाय कुणी बघितला नाही. एकीनं हात मागे घेतला तर तुम्ही म्हणालात, "आगं, घरी कोन कापनार? तुझी आय सेकंडला हाय." कुणाची आई कुठल्या शिफ्टला आहे, हे तुम्हाला तोंडपाठ होतं.

मी त्याच दिवशी ठरवलं की आपण इथे यायचं. पंच झाले. लीग वाढत गेली. गावातली टीम, चाकणच्या भाड्याच्या खोल्यांमधली टीम, आमच्या नगराची टीम, पुढे पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमधलीही एक, गाडीतून घडीच्या खुर्च्या घेऊन येणारी. सगळ्या चौदा वर्षांखालच्या मुली. तुम्ही मला 'बाई' म्हणायचात, मी तुम्हाला 'नाना'. मी तुमच्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान आणि तरी दर रविवारी आपलं कशावरून ना कशावरून वाजायचंच.

मग ऋतुजा आली.

तिची आई तिला घेऊन आली तो दिवस तुम्हाला आठवत असेल. लातूरकडची बाई, पॅकिंगला कामाला. नवरा प्रेसशॉपला, दोघांच्या शिफ्ट उलट्यासुलट्या. "हिला घेता का हो खेळायला? घरात बसंना गेली बघा," म्हणाली. अकरा वर्षांची काडीसारखी पोर. तुम्ही नखं कापलीत, शेवटच्या पाच मिनिटांसाठी आत घेतलंत आणि चढाईला पाठवलंत. ती उजव्या कोपऱ्यावर गेली, तिथल्या मुलीला हात लावला. सगळ्या तिकडे धावल्या, तर ही खाली वाकून त्यांच्या हाताखालून डावीकडे निघाली आणि जाता जाता अजून दोघींना शिवून मध्यरेषेवर येऊन उभी. तिकडच्या मुलींना आपण बाद झालोय हेसुद्धा कळलं नव्हतं. तुमच्या तोंडात शिट्टी होती, पण ती वाजली नाही. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "बाई, ही काय चीज हाय वो?"

मी अकरा वर्षं खेळले, पुढे इतकी वर्षं शिकवतेय. अशी मुलगी मी समोर कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी घरी जाताना मोशीच्या सिग्नलला अडकले होते आणि एकटीच हसत होते.

त्या हंगामात काय झालं ते तुम्हीही पाहिलंत. ऋतूची टीम सगळं जिंकत गेली. सामना म्हणजे ऋतू जाणार, दोन-तीन घेऊन येणार. पुन्हा ऋतू. तिच्या टीममधल्या बाकीच्या मुली मैदानात उभ्या राहून एकमेकींच्या वेण्या घालायच्या. समोरच्या तर आल्या आल्या रडायच्या. पिंपळे सौदागरच्या टीममधले एक बाबा, हिंजवडीला नोकरीला, त्यांनी मोबाइलवर तक्ता करून आणला होता. त्यांची मुलगी नऊ रविवारांत एकदाच चढाईला गेली होती. "आम्ही सकाळी सहाला उठून येतो, ते मुलींना बाद होऊन बसलेलं बघायला येतो का?" ते म्हणाले. मला त्यांचा राग आला, कारण ते चुकीचं बोलत नव्हते.

मग ती मीटिंग. कुणी म्हणालं, तिला मोठ्या मुलींच्यात टाका. तुम्ही ताडकन उठलात. "सोळा वर्साच्या पोरी हिच्या छातीवर बसल्या म्हंजे? अकराची हाय ती." तिथे मी तुमच्या बाजूनं बोलले. मी सुचवलं की तिला भोसरीच्या चांगल्या मंडळात संध्याकाळच्या सरावाला घालू, तिथे तिच्या तोडीच्या मुली आहेत. त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि रोज तिला नेणार-आणणार कोण, यावर येऊन सगळे गप्प झाले. मीही गप्प झाले. शेवटी तुमचा नियम पास झाला. एका सामन्यात एका मुलीनं पाचापेक्षा जास्त चढाया करायच्या नाहीत आणि प्रत्येक मुलीनं किमान एक तरी करायचीच. मी हात वर केला होता, नाना. हे मी नाकारत नाही.

आणि नियम चांगला होता. यासाठी मी तुमची ऋणी आहे, हेही आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढे रागाच्या भरात राहून जाईल. आमच्या नगरातली समीक्षा वर्षभर मैदानात सगळ्यांच्या मागे लपायची. जाड आहे म्हणून मुली हसायच्या. नियमामुळे तिला चढाईला जावंच लागलं. ती 'कबड्डी कबड्डी' म्हणत होती आणि रडत होती, आणि रडता रडता परत फिरताना चुकून तिचा पाय एकीला लागला. एक गडी बाद! तुम्ही पंचाचं सगळं सोवळं सोडून मैदानात धावत गेलात आणि तिला उचललंत. त्या पोरीचं वजन तुमच्या कंबरेला झेपलं नाही, पुढचे तीन दिवस तुम्ही पट्टा लावून कामाला जात होतात. पण समीक्षा त्या दिवसापासून कोपऱ्यात उभी राहायला लागली ती आजतागायत.

सामने अटीतटीचे होऊ लागले. पालक खूश, कमिटी खूश. मी शाळेत दुसऱ्या शिक्षकांना सांगायची, बघा, हुशार मुलाला आवरायचं कसं ते आमच्याकडून शिका. ऋतू पाच चढाया करायची. प्रत्येक वेळी एकीला शिवायची आणि परत यायची. एक शिवायची, परत. मी म्हणायची, पोरगी शहाणी झाली, आता धोका पत्करत नाही. मी तिला शाबासकी द्यायची! अकरा वर्षं मैदानात घालवलेले डोळे माझे, आणि दोन वर्षं ते काय बघत होते देव जाणे.

मग ती जिल्ह्याची निवड चाचणी. तुम्हाला रजा मिळाली नाही म्हणून मीच तिला स्कूटीवर घेऊन गेले. तुम्ही आदल्या दिवशी तिची नखं कापून दिली होती. तिला तीन चढाया मिळाल्या. तिन्ही वेळा तिनं एकीला हात लावला आणि परत आली, मध्यरेषेवर पाय टेकवला, बाजूला झाली. दुसऱ्या चढाईला तर अख्खा डावा कोपरा उघडा पडला होता. आंधळ्यालाही दिसला असता. निवड समितीतले एक सर मला ओळखत होते. म्हणाले, "नीटनेटकी आहे मॅडम, पण धार नाही." यादीत नाव आलं नाही.

परत येताना ट्रॅफिकमध्ये स्कूटी बंद करून मी विचारलं, "ऋतू, तो कोपरा दिसला नाही का तुला?"

"दिसला की."

"मग?"

ती अगदी सहज म्हणाली, "नानांनी सांगितलंय ना. एक घ्यायचा आणि परत यायचं. सगळं दाखवायचं नाही. पाचात जास्त घेतले की लोक पाचाच्या तीन करतील."

"आजही?"

"आज काय वेगळं करायचं ते कुणी सांगितलं नाही."

मागून हॉर्न वाजत होते. मला स्कूटी चालू करायचं सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुमची शिफ्ट सुटायच्या वेळेला मी कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर येऊन उभी राहिले. तुम्ही लांबून हसत आलात. "बाई, तुमी इकडं?" चहा सांगितलात. मी विचारलं, तुम्ही ऋतूला असं शिकवलंत का? मला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल.

"शिकवलं," तुम्ही म्हणालात. "आवो बाई, तुमाला कंपनी ठावं न्हाई."

मग तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही बावीस वर्षांचे, नुकते लायनीवर लागलेले. एक दिवस घड्याळवाले साहेब कामाचा वेळ मोजायला, टाइम स्टडीला आले आणि तुमच्या मागे येऊन उभे राहिले. जुने कामगार अशा वेळी हात हळू चालवतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. "म्या दावली हौस. हात नुसता पळत व्हता माझा. साहेब म्हनलं, व्वा." पुढच्या महिन्यात तुमच्या हाताचा वेग सगळ्या लायनीला लागू झाला. तुमच्या शेजारी साताऱ्याकडचे एक मामा होते, पन्नाशीचे. तुम्ही दोघं रोज एका डब्यातून जेवायचात. "तवापासनं त्यांनी माझ्या डब्यातली भाजी घ्याची बंद केली. बोलले काय न्हाईत. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. सा म्हैन्यांनी काम सोडून गेले."

तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं असतं, पण मी ते येऊ दिलं नाही.

"जो दावतो ना बाई, त्याच्याच हातानं दुसऱ्याचं वाईट व्हतं," तुम्ही म्हणालात. "आन् मग बाकीचे डूख धरत्यात. मीटिंगला बघितलं न्हाई का तुमी? समदे कसे बोलत व्हते तिच्यावर. अकरा वर्साची पोर. म्हनलं, हिला वाचवाया पायजे."

"तिच्या मागे कुठला साहेब घड्याळ घेऊन उभा होता, नाना?"

"समदेच उभे व्हते. तुमी बी."

उत्तर नसलं की मी काय करते ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हणाले, "त्या मामांनी तुमची भाजी खाल्ली नाही, त्याची शिक्षा तुम्ही ऋतूला दिलीत."

तुम्ही ग्लास खाली ठेवलात. अर्धा चहा तसाच होता. "तुमचं बराबर असंल," म्हणालात. "पर मला तिचं भ्या वाटायचं, बाई." आणि पार्किंगकडे निघून गेलात. बॅग खांद्यावरून घसरत होती, ती तुम्ही वर घेतली नाहीत.

ते वाक्य मी परत घेत नाही. तुम्ही गेलात म्हणून ते खोटं होत नाही. लहान मुलीला तुम्ही तिच्या स्वतःच्या पायांबद्दल खोटं बोलायला शिकवलंत. नियम सगळ्यांसमोर झाला होता, त्यावर भांडता येत होतं. हे तुम्ही गुपचूप केलंत, मला न सांगता, तिच्या आईला न सांगता, आणि पोरीला वाटलं की चांगलं खेळणं म्हणजे काहीतरी लपवण्यासारखं असतं. कमिटीनं तिच्या चढाया मोजल्या, एवढंच. तुम्ही तिची चढाईच आखूड केलीत, आणि ती तुमच्यावर जीव टाकत होती म्हणून तिनं ते ऐकलं. माझं तिनं ऐकलं नसतं. याचाच मला जास्त संताप येतो.

नंतरचे चार महिने आठवले की लाज वाटते. दोघंही दर रविवारी मैदानात हजर. तुमच्याशी बोलायचं नाही म्हणून मी मुलींना सांगायची, "नानांना सांग, चुना संपलाय." तुम्ही सांगायचात, "बाईंना म्हनावं, पाटीमागं पोतं हाय." पोरी बिचाऱ्या इकडून तिकडे धावायच्या आणि तोंड दाबून हसायच्या. एकदा पाऊस आला आणि आपण दोघं एकाच पत्र्याखाली वीस मिनिटं उभे होतो. तुम्ही दोनदा घसा साफ केलात. मी फोनमध्ये बघत राहिले. आत्ता वाटतं, तुम्ही तेव्हा काहीतरी म्हणणार होतात. मी विचारायला हवं होतं.

फ्लेक्सवर शेवटी 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढंच छापलं. फोटोत तुमची शिट्टी दिसते, नेलकटर कापलंय.

काल सामना झाला. ऋतूची टीम विरुद्ध आमच्या नगराची. मुलींची नखं मी कापली. अध्यक्ष खुर्ची टाकून पुढेच बसले होते, कावळ्याला दिलेल्या शब्दाची राखण करत. ऋतू आता चौदाला टेकलीय. पुढच्या महिन्यात पुन्हा चाचणी आहे, या वयोगटातली तिची शेवटची. मध्यंतरापर्यंत तिच्या चार चढाया झाल्या. चारही वेळा एक शिवली आणि परत. मध्यंतरात मी तिला पाण्याच्या ड्रमपाशी गाठलं.

"ऋतू, नियम पाच चढायांचा आहे. एका चढाईत किती घ्यायचे याला नियम नाही."

"माहितीय."

"मग?"

ती खाली बघत म्हणाली, "नाना म्हणाले होते, मी सांगेन तेव्हा सगळं काढायचं. आत्ता नाही, वेळ आली की सांगतो म्हणाले होते." "त्यांनी सांगितलंच नाही, बाई."

नाना, मला हे माहीत नव्हतं. तुम्ही टपरीवरही हे बोलला नाहीत. म्हणजे तुम्ही तिला कायमचं बांधून ठेवणार नव्हतात. फक्त सोडायचं तेवढं राहून गेलं. मला तुमची इतकी कणव आली आणि त्याच वेळी इतका राग आला, की मी सरळ खोटं बोलले. म्हटलं, "मला सांगितलं होतं त्यांनी. जायच्या आदल्या दिवशी. म्हणाले, ऋतूला सांगा, आता सगळं काढ."

तिनं मान वर केली. त्याच नजरेनं ती मैदानात समोरच्या मुली हेरते.

"बाई, तुम्ही दोघं तर बोलत नव्हता."

ड्रमचा नळ ठिबकत होता, तो उगाचच घट्ट करत राहिले.

"तुम्हीच सांगा ना मग," ती म्हणाली. "चार महिने झाले. तुम्ही का नाही सांगितलं?"

खरंच, का नाही सांगितलं? चाचणीहून परत आल्या आल्या हिच्या खांद्यावर हात ठेवून मला म्हणता आलं असतं की बाळा, नानांचं चुकलं, तू तुझं सगळं खेळ. एक वाक्य होतं. पण मी तुमच्यावर चिडण्यात इतकी गुंग होते की जिच्यासाठी चिडले होते तिच्याशी बोलायचंच राहिलं. तुम्ही निदान घाबरला होतात. माझ्याकडे तर तेवढंही कारण नव्हतं.

"सांगते," मी म्हणाले. "सगळं काढ, ऋतू. पकडलं तर पकडू देत."

तिची पाचवी चढाई. उजव्या कोपऱ्यावर गेली, शिवली, मध्यरेषेकडे वळली. रेषेपासून दोन पावलांवर थांबली. ती परत फिरली. दुसरी घेतली, खाली वाकून तिसरीकडे झेपावली, आणि डाव्या कोपऱ्यातून समीक्षानं तिचा घोटा धरला. तुमची समीक्षा. ऋतू तोंडावर आपटली. हात लांब करून मध्यरेषेकडे सरपटत राहिली, पण समीक्षानं काही सोडलं नाही. दम गेला.

ऋतूला चढाईत पकडलेलं कुणी बघितलंच नव्हतं. समीक्षा उठून उभी राहिली ती काचेची बरणी फोडल्यासारखा चेहरा करून. आणि ऋतू मातीतून उठली, कोपर सोललेलं, ओठावर धूळ, आणि खदखदून हसायला लागली. मी तिला तसं हसताना तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. ती बाहेर जाऊन बसली, बसल्या जागेवरून आपल्या मुलींवर ओरडायला लागली, "एक तरी मारा गं, मला उठवा!" वेण्या घालणाऱ्या त्याच मुली, नाना. दोघी पडल्या, तिसरीनं एक गडी मारला आणि ऋतू उठली.

ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाई, अजून एक द्या ना. एकच." तिनं आजवर कधी काही मागितलेलं नाही.

"पाच झाल्या, बाई!" अध्यक्ष खुर्चीतून उठले. "नानांना शब्द दिलाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. ती पिंपळे सौदागरची मंडळीही, हिंजवडीवाले बाबाही. नियम मोडला तर उद्या प्रत्येक पालक येऊन उभा राहील, हे मला कळत होतं. आणि तुमचा तो नियम कुणासाठी होता, तेही कळत होतं. मी समीक्षाकडे वळले. ती डाव्या कोपऱ्यात गुडघे वाकवून, दोन्ही हात पुढे करून आधीच तयार उभी होती.

"येऊ द्या की बाई तिला," ती ओरडली. "मी परत पकडते!"

मी शिट्टी वाजवली आणि ऋतूची सहावी चढाई सुरू झाली.